केस पेपरवरचे मोबाईलचे तास

शाळेच्या समुपदेशन कक्षात किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकमध्ये किशोरवयीन मुलाचा केस पेपर भरताना आता बऱ्याच ठिकाणी एक रकाना असतो: मोबाईलचा रोजचा वापर, तासांत. तिथे ‘4 ते 5 तास’ असे काहीतरी लिहिले जाते आणि पुढचे सगळे त्यावर उभे राहते. पालकांना दिलेली समज, मुलाशी ठरवलेली मर्यादा, तीन महिन्यांनी फरक पडला की नाही याचा निर्वाळा, सगळे त्याच आकड्याच्या आधाराने. आकडा आला कुठून, हे मात्र कागदावर नसते. कधी तो आईने तक्रारीच्या सुरात सांगितलेला असतो, कधी मुलाने जपून सांगितलेला, कधी दोघांच्या वादातून समुपदेशकाने काढलेला मध्य. वजन, उंची आणि हिमोग्लोबिनच्या शेजारी तो बसतो. फरक एवढाच की वजनाला काटा असतो.

विचारून मिळालेला आकडा किती भरवशाचा, हे तपासून झालेले आहे. सॅली अँड्र्यूज, डेव्हिड एलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये 18 ते 33 वयाच्या 23 जणांच्या फोनमध्ये वापराची नोंद ठेवणारे ॲप दोन आठवडे चालवले. 2015 मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. फोनच्या नोंदीनुसार वापर दिवसाला सरासरी पाच तासांच्या आसपास आणि सुमारे 85 वेळा होता. आपण किती वेळा फोन हातात घेतो, याचा या मंडळींचा अंदाज प्रत्यक्षाच्या निम्म्यालाही पोहोचत नव्हता. कारणही त्याच नोंदींत सापडते: निम्म्याहून अधिक वेळा फोन 30 सेकंदांच्या आत खाली ठेवला गेला होता. तीन तासांचा सिनेमा पाहिल्याचे माणसाला आठवते. किती वाजले ते बघायला काढलेला फोन, त्यावर आलेला मेसेज आणि त्यामागून उघडलेली दोन रील्स यांची आठवण संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.

पुढे 2021 मध्ये स्टेलेनबॉश विद्यापीठातील डग्लस पॅरी आणि सहकाऱ्यांनी अशा प्रकारचे उपलब्ध अभ्यास एकत्र करून ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये मांडले. सांगितलेला वापर आणि यंत्राने नोंदलेला वापर यांचा सहसंबंध 0.38 निघाला. नोंदीच्या पाच टक्के मागेपुढे बसणारे अंदाज दहा टक्क्यांहूनही कमी होते. कामाच्या दृष्टीने यातला सर्वांत त्रासदायक भाग वेगळाच आहे. सगळेच कमी सांगत असते तर आकडा दीडपट किंवा दुप्पट करून दुरुस्त करता आला असता. तसे होत नाही. कोणी कमी सांगतो, कोणी जास्त, आणि समोरचा मुलगा कोणत्या बाजूचा हे त्याच्या उत्तरावरून कळत नाही.

मोबाईल आणि किशोरांचे मानसिक स्वास्थ्य यावरचा बराचसा वाद याच कच्च्या पायावर चालला आहे. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझिबिल्स्की यांनी 2019 मध्ये साडेतीन लाखांहून अधिक किशोरांची माहिती तपासली आणि स्वास्थ्यातल्या फरकाचा जेमतेम 0.4 टक्के भाग तंत्रज्ञानाच्या वापराशी जोडता येतो, असे दाखवले. त्यावर एका बाजूने सुटकेचा निःश्वास टाकला गेला, दुसऱ्या बाजूने टीकेचा भडिमार झाला. तो वापरही मुलांनी स्वतःच सांगितलेला होता, ही गोष्ट त्या गदारोळात मागे पडली. माप ढोबळ असेल तर खरा संबंधही पुसट दिसू शकतो.

प्रश्नावली वापरल्याने ही अडचण सुटते, असा समज आपल्याकडे आहे. दक्षिण कोरियात 2013 मध्ये तयार झालेली दहा प्रश्नांची स्मार्टफोन व्यसन मापनी भारतातही बरीच वापरली जाते. मुलांसाठी 31 आणि मुलींसाठी 33 हे तिचे उंबरठे समुपदेशकांना तोंडपाठ असतात. मापनी वाईट नाही, पण ती वापर मोजत नाही. वापराबद्दलची अस्वस्थता मोजते. एलिस आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये 238 आयफोनधारकांवर अशा दहा मापन्या लावून पाहिल्या, तेव्हा फोनमधल्या नोंदींशी त्यांचे नाते कमकुवतच निघाले. घरात रोज बोलणी खाणारी मुलगी 35 गुण मिळवेल आणि कोणीच न टोकणारा मुलगा 22 वर थांबेल. दोघांच्या फोनमधली नोंद याच्या नेमकी उलटी असू शकते. म्हणून मापनीचे गुण तासांच्या रकान्यात किंवा तासांच्या जागी वापरू नयेत.

पालकांचा शब्द तरी प्रमाण मानावा काय? मिशिगन विद्यापीठातील जेनी रॅडेस्की आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांचा वापर उपकरणांतून नोंदवला आणि पालकांच्या सांगण्याशी ताडून पाहिला. सुमारे एकतृतीयांश पालकांनी कमी सांगितले होते, जवळपास तेवढ्यांनीच जास्त. ही मुले आईबापांच्या नजरेसमोर असतात. पंधरा वर्षांचा मुलगा क्लासला, मित्राकडे, गच्चीवर असतो; त्याच्या बाबतीत पालकांचे सांगणे याहून अचूक असेल असे मानायला आधार नाही.

भारतातली मोठी आकडेवारीही विचारूनच गोळा झालेली आहे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगासाठी रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीने केलेला 2021 चा अभ्यास मराठी वर्तमानपत्रांत अजूनही उद्धृत होतो. मुले, पालक आणि शिक्षक मिळून 5,811 जणांकडून माहिती घेतली गेली. झोपण्यापूर्वी अंथरुणात फोन वापरणारी मुले 23.8 टक्के, हा त्यातला आकडा संसदेतही सांगितला गेला. सवयी कोणत्या आहेत हे समजायला असा अभ्यास उपयोगी पडतो; त्यातले तासांचे आकडे मात्र घड्याळाचे म्हणून वाचता येत नाहीत. शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ने या बाबतीत जास्त शहाणपणाचा रस्ता धरला. 26 राज्यांतील 28 जिल्ह्यांत 14 ते 18 वयोगटासाठी झालेल्या 2023 च्या पाहणीत मुलांना तासांचा हिशेब देण्याऐवजी फोन आणून काही कामे करून दाखवायची होती: गजर लावणे, माहिती शोधणे, यूट्यूबवर व्हिडिओ काढणे. फोन आणू शकलेली मुले दोनतृतीयांशाच्या आसपास होती. घरात फोन असणे आणि मागितल्यावर तो हातात मिळणे यांतले अंतर या साध्या चाचणीने जेवढे उघड केले, तेवढे एखाद्या लांबलचक प्रश्नावलीला जमले नसते.

केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीचे तंत्र इथे जरा थांबून पाहण्यासारखे आहे, कारण त्यातली एक गोष्ट समुपदेशकाने जशीच्या तशी उचलावी आणि एक टाळावी. 2019 आणि 2024 मध्ये झालेल्या या पाहण्यांत सहा वर्षांवरील प्रत्येकाच्या आदल्या दिवसाचा हिशेब पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांत लिहिला जातो. एका खणात अनेक कामे झाली असतील तर दहा मिनिटे किंवा अधिक चाललेली कामेच नोंदवली जातात. टाळायची गोष्ट ही दहा मिनिटांची चाळणी. शेती, स्वयंपाक, प्रवास यांच्यासाठी ती ठीक आहे. मोबाईलचा वापर मात्र तिच्यातून वाळूसारखा गळून जातो. उचलायची गोष्ट म्हणजे पहाटे चारची सुरुवात. तिचा उपयोग पुढे दिसेल.

उरतो तो फोनच्या आतला हिशेब. 2018 मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि ॲपलने ‘स्क्रीन टाइम’ आणले. पडदा किती वेळ चालू होता, कोणते ॲप किती वेळ समोर होते, फोन किती वेळा उघडला, सूचना किती आल्या, हे सेटिंगमध्येच दिसू लागले. नव्या फोनांत तासवार आलेखही मिळतो. याचा मोठा फायदा असा की ही नोंद मुलाला विचारण्याच्या आधीपासून साठत आलेली असते. आजपासून वही ठेव म्हटले की मूल त्या आठवड्यात शहाण्यासारखे वागते; मागच्या आठवड्याचा आलेख मात्र कोणी बघणार आहे हे ठाऊक नसतानाचा असतो.

तरी या नोंदीच्या मर्यादा ठाऊक असल्याखेरीज तिला हात लावू नये. नोंद पडद्याची असते, डोळ्यांची नव्हे: यूट्यूब चालू ठेवून मूल झोपी गेले तरी मिनिटे वाढत राहतात, आणि पडदा बंद करून दोन तास गाणी ऐकली तर ती मोजली जात नाहीत. दुसरा फोन, घरातला स्मार्ट टीव्ही, मित्राच्या फोनवरचा खेळ या हिशेबाबाहेर राहतात. साध्या फोनांत ही सोयच नसते. आणि फोनचा दिवस मध्यरात्री बदलतो. रात्री अकरा ते दीडपर्यंत रील्स पाहणाऱ्या मुलाची एक सलग बैठक दोन तारखांत फुटते. शनिवारची रात्र रविवारच्या खात्यावर जमा होते. वेळ-वापर पाहणीचा पहाटे चारचा दिवस किशोरवयाला अधिक साजेसा आहे, कारण त्या वेळेला बहुतेकांचे फोन खरोखर बंद असतात.

सर्वांत मोठी मर्यादा घराच्या रचनेतून येते आणि ती समजून घ्यायला मनमाडसारखे गाव योग्य आहे. नांदगाव तालुक्यातले हे गाव रेल्वेवर वाढले. मुंबई-भुसावळ मार्ग, दौंडकडे जाणारा फाटा आणि छत्रपती संभाजीनगरमार्गे सिकंदराबादकडे जाणारा मार्ग इथे मिळतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचा रेल्वेचा अभियांत्रिकी कारखाना, अन्न महामंडळाची गोदामे, पानेवाडीचे इंधन डेपो यांवर गावातल्या बऱ्याच घरांची चूल पेटते. अशा घरांचे घड्याळ ड्युटीच्या पाळ्यांनी ठरते. वडील रात्रपाळीला गेले की त्यांचा फोन त्यांच्याबरोबर जातो. ते दिवसा झोपले की तोच फोन घरात मोकळा असतो. एका फोनवर आईचे बचत गटाचे मेसेज, धाकट्याचे कार्टून, मुलीच्या दहावीच्या क्लासचे व्हिडिओ आणि वडिलांचे ड्युटीचे निरोप एकाच दिवसात येतात. त्या फोनने सात तास दाखवले तर ते घराचे सात तास झाले. मुलीच्या केस पेपरवर ते जसेच्या तसे चढवणे म्हणजे तिच्यावर अन्याय.

हा अन्याय मुलींच्या वाट्याला जास्त येतो. ‘असर’च्या त्याच 2023 च्या पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी 43.7 टक्के जणांचा फोन स्वतःचा होता. मुलींत हे प्रमाण 19.8 टक्के होते. म्हणजे फोनमधली नोंद मुलग्याबद्दल बरेच काही सांगू शकते आणि मुलीबद्दल फार कमी. दोघांचे आकडे एकाच तक्त्यात शेजारी मांडून ‘मुली कमी वापरतात’ किंवा ‘मुलीही तेवढाच वापरतात’ असे म्हणण्यापूर्वी फोन कोणाच्या नावावर, कोणाच्या हातात आणि कोणत्या वेळी, हे तीन प्रश्न विचारावे लागतात.

मनमाडमध्ये आठवड्याचे सगळे दिवसही सारखे नसतात. वागदर्डी धरणातला साठा आटला की नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येते आणि ज्या दिवशी येते त्या दिवशी घरातली सगळी माणसे, किशोरवयीन मुलेही, हंडे, ड्रम आणि टाक्या भरण्यात गुंततात. पाणी रात्री येणार असेल तर जागे राहावे लागते, आणि जागे राहण्याच्या वेळात फोन हातात येतोच. नाशिकच्या महाविद्यालयात जाणाऱ्यांचा दिवस पहाटेच्या पंचवटी एक्स्प्रेसने सुरू होतो. 1975 पासून धावणाऱ्या या गाडीत पासधारकांच्या पिढ्या पत्ते, भजन आणि वर्तमानपत्रांवर वेळ काढत आल्या. आता त्याच वेळात फोन आहे. लासलगाव, निफाड, नाशिकरोड अशा प्रवासात फोनवर घालवलेल्या वेळाने कोणत्या कामाची जागा घेतली, हा प्रश्न विचारला तर उत्तर बहुधा ‘खिडकीबाहेर बघण्याची’ असे येईल. रात्री बारानंतरच्या तेवढ्याच वेळाने झोपेची जागा घेतलेली असते. फोनच्या बेरजेत दोन्ही वेळा सारख्याच मोजल्या जातात. उपचाराच्या दृष्टीने त्यांना एकत्र मिळवणे चूक आहे.

रोजच्या डेटाचा उपयोग माप म्हणून करावा, असा एक सोपा उपाय शिक्षक सुचवतात. 2016 मध्ये जिओ आल्यानंतर रोज दीड-दोन जीबीची पाकिटे घरोघर पोहोचली, आणि ‘नेट संपलं’ हे वाक्य संध्याकाळी कुठल्याही कट्ट्यावर ऐकू येते. दीड जीबी दुपारीच संपत असेल तर काहीतरी सांगण्यासारखे आहे, एवढे खरे. पण उच्च दर्जाचा व्हिडिओ साध्या दर्जाच्या व्हिडिओच्या कित्येक पट डेटा खातो, दिवसभराच्या गप्पांचे मेसेज जवळपास काहीच खात नाहीत आणि शेजारचे वायफाय हिशेबात येत नाही. डेटावरून तास काढण्याचा नाद सोडावा. तो कोणत्या वेळी संपतो, एवढी नोंद पुरेशी.

संशोधकांकडे याहून सूक्ष्म साधने आहेत. अमेरिकेत कॉमन सेन्स मीडिया आणि मिशिगन विद्यापीठाने 11 ते 17 वयाच्या सुमारे 200 मुलांच्या अँड्रॉइड फोनमध्ये नोंदणीचे ॲप बसवून 2023 मध्ये अहवाल दिला. मध्यक वापर साडेचार तासांच्या आसपास आणि सूचना दिवसाला 237 होत्या. अधिक बोलके आकडे घड्याळाचे होते: 97 टक्के मुलांनी शाळेच्या वेळेत फोन वापरला होता आणि 59 टक्क्यांनी शाळेच्या आदल्या रात्री मध्यरात्र ते पहाटे पाचच्या दरम्यान. स्टॅनफर्डचा ‘स्क्रीनोम’ प्रकल्प तर दर पाच सेकंदांनी पडद्याचे चित्र टिपतो. ही साधने इथल्या शाळेत आणण्याचा मोह टाळलेला बरा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि मुलांचा माग काढण्यावर, त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यावर कायद्याने बंधन घातले आहे. आरोग्य आणि शिक्षण क्षेत्राला नियमांत काही सवलती आहेत, पण हौसेने बसवलेल्या पाळतीच्या ॲपला त्यांचे कवच मिळेल असे समजू नये. संशोधन असेल तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे 12 ते 18 वयाच्या मुलाची स्वतःची लेखी सहमतीही घ्यावी लागते.

समुपदेशकाला एवढ्या सूक्ष्मतेची गरजही नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे दोन ते पाच वर्षांसाठी एक तास आणि पाच ते दहासाठी दोन तासांची मर्यादा घालतात. 10 ते 18 साठी तासांचा आकडा न देता झोप, मैदानी खेळ, अभ्यास आणि घरातले बोलणे यांच्याशी समतोल पाहायला सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या रोगवर्गीकरणात गेमिंगच्या विकाराची व्याख्याही तासांवर बेतलेली नाही. नियंत्रण सुटणे, इतर सगळ्यावर खेळाची कुरघोडी होणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, अशी तिची लक्षणे आहेत. किशोरवयात एकूण तासांच्या बेरजेला निदान म्हणून कोणत्याच प्रमाण ग्रंथात जागा नसताना आपल्या केस पेपरवर तोच एक रकाना का असावा, याला सवयीपलीकडे उत्तर नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 15 ऑगस्ट 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवण्याचा प्रयोग सुरू केला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी ग्रामसभेने 18 वर्षांखालील मुलांच्या मोबाईलवर बंदीचा ठराव केला. दोन्ही निर्णयांमागची कळकळ एकच, पण मोजमापाच्या बाजूने पाहिले तर वडगावचा प्रयोग सरस ठरतो. तिथे ठरावीक वेळ आहे, भोंगा आहे, घरोघर फिरणाऱ्या आशा आणि अंगणवाडी कार्यकर्त्या आहेत. पाळला गेला की नाही हे बघता येते. बंदीचा ठराव पाळला गेला की नाही हे बघायला प्रत्येक घराच्या आत जावे लागते. अर्थात वडगावमध्येही त्या दीड तासाचा वापर रात्री उशिराकडे सरकला का, हे पाहायचे तर भोंग्याआधीच्या आणि नंतरच्या नोंदी लागतील.

तेव्हा रकान्याची दुरुस्ती अशी करता येईल. आकड्यापुढे उगम लिहावा: मुलाने सांगितलेला असेल तर ‘म’, पालकांचा असेल तर ‘प’, फोनमधल्या नोंदीचा असेल तर ‘न’. नोंद असेल तर फोन एकट्याचा की घराचा, हे त्यापुढे. एका दिवसाऐवजी मागचे सात दिवस पाहावेत आणि दिवस पहाटे चारला सुरू झाला असे धरून चार खण करावेत: शाळा किंवा महाविद्यालय सुटेपर्यंत, तिथून रात्री दहापर्यंत, दहा ते बारा, बारा ते पहाटे चार. फोन मुलाच्याच हातात राहू द्यावा. आलेख त्याने उघडावा आणि आकडे त्यानेच वाचून दाखवावेत. कोणते ॲप, कोणाशी बोलणे, हे त्याने सांगितले तरच ऐकावे. घराचा सामाईक फोन असेल तर आलेखासमोर बसून ‘यातले तुझे कोणते’ असे एकेक खण विचारत गेले की मुलगी बहुतेक वेळा स्पष्ट सांगते, कारण तासांचा हिशेब देण्यापेक्षा ‘तेव्हा बाबा कामावर होते, फोन नव्हता’ हे सांगणे सोपे असते. सगळे मिळून दहा-बारा मिनिटांचे काम आहे.

पुन्हा मोजणी करताना पद्धत तीच ठेवावी. पहिल्या वेळी आईने सांगितलेला आकडा आणि तीन महिन्यांनी फोनमधला आकडा यांची वजाबाकी करून सुधारणा जाहीर करण्याचा प्रकार होतो. त्या वजाबाकीला काही अर्थ नाही. दहावी-बारावीच्या परीक्षेचे आठवडे, दिवाळीची सुटी, गावची जत्रा आणि मनमाडसारख्या ठिकाणी पाण्याच्या पाळीचा दिवस यांची खूण कागदावर असावी. पहिली मोजणी जानेवारीत झाली असेल तर दुसरी उन्हाळ्याच्या सुटीत न करता जूनमध्ये शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाल्यावर करावी, म्हणजे दोन्ही वेळचे मध्यरात्रीनंतरचे खण शाळेच्या दिवसांचेच राहतील.